बाळंतिणीच्या खोलीत गर्दी

बदकांना पाव घालणं ही भूतदया नव्हे, ती करमणूक आहे. आणि करमणूक आपली होते, बदकांची नाही. एवढं एक वाक्य मी पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर लिहिलं आणि तेव्हापासून मी ‘तिकडे राहून कोरडी झालेली’ आहे. ग्रूपवर तीन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ब्लॉगवाल्या मित्रमंडळींनी नेहमीप्रमाणे वाद घालावा. नातेवाइकांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं आणि मग रुसावं, ही विनंती.

निमित्त एका व्हिडिओचं. आम्ही बॉस्टनच्या उपनगरात राहतो आणि आमचे बरेच नातलगही इथेच आजूबाजूला विखुरलेले आहेत. त्यातल्या एकांच्या बागेत, डेकच्या पायऱ्यांशेजारी, एका रानबदकाच्या मादीनं घरटं केलं. व्हिडिओत ती मल्चमध्ये दबून बसलेली. तिच्यापासून हातभर अंतरावर पोळीचे तुकडे, पावाचा चुरा, एका वाटीत कुरमुरे (!) आणि मागून चार-पाच जणांचा आवाज, "खा ना गं, खा ना बाळा!" खाली बदाम आणि नमस्काराच्या हातांची रांग. कुणीतरी लिहिलं, ‘अतिथी देवो भव’. तिथे मला राहवलं नाही.

मुळात ही बाई आहे कोण आणि बागेत येते कशाला, ते आधी बघू. कारण माझं सगळं भांडण त्यावरच उभं आहे.

इथे ज्याला मॅलर्ड म्हणतात ते हे बदक. मार्च संपता संपता बर्फ वितळून लॉनवर डबकी साचली की यांची जोडपी हिंडायला लागतात. नराचं डोकं मखमली हिरवं, गळ्यात बारीक पांढरी माळ. मादी आपली वाळक्या पाचोळ्याच्या रंगाची. लोक फोटो काढतात ते नराचे, पण बागेत जे चाललेलं असतं ते सगळं मादीचं काम. ती जागा बघत असते. तळ्याकाठचं गवत गेलं, तिथे घरं झाली. मग कुणाचं जुनिपरचं झुडूप, कुणाच्या होस्टाच्या पानांखालचा कोपरा, कुणाच्या दारातली मोठी कुंडी, असं तिचं जागा शोधणं चालतं.

जागा ठरली की दिवसाला साधारण एक या हिशेबानं ती अंडी घालते, बहुधा आठ ते तेरा. दहा अंडी धरली तर त्यांचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास जातं, आणि ती स्वतः जेमतेम किलोभराची. म्हणजे पंधरवड्याच्या आत आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मं ती शरीरातून काढून देते! हे कशाच्या जोरावर? गांडुळं, गोगलगाई, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या. एरवी दाणे आणि पाणवनस्पती खाऊन राहणारी ही बया या दिवसांत बरीचशी मांसाहारी होते, कारण अंड्यांना प्रथिनं लागतात. आपल्या लॉनवर ती डुलत डुलत चालते आणि मधूनच चोच खुपसते ना, ती चाल आपल्याला गोड वाटते. ती तिची रोजंदारी असते.

शेवटची अंडी घालून झाली की ती पक्की उबवायला बसते, म्हणून सगळी पिलं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. उबवण्याचे दिवस २६ ते २८. घरट्याला अस्तर असतं ते तिनं स्वतःच्या छातीवरून उपटलेल्या मऊ पिसांचं. दिवसातून एक-दोनदा ती थोडा वेळ उठते, अंडी त्या पिसांनी झाकते, पाणी पिऊन चार घास पोटात टाकून परत येते. बाकी सगळा वेळ ऊन, पाऊस, एप्रिलमधला उशिराचा बर्फ अंगावर घेत बसून राहणं. या महिन्याभरात ती बारीक होत जाते. नवरोजी? ते उबवणं सुरू झालं की पसार. (बायकांनो, हसू नका. उन्हाळ्यात त्याचा तो हिरवा डामडौल गळून पडतो, रूप मादीसारखंच मळकट होतं आणि काही आठवडे त्याला उडताही येत नाही. देवाघरचा न्याय म्हणायचं आणि पुढे जायचं.)

आता मला सांगा, हिला पाहुणी कशाच्या आधारावर म्हणायचं? पाहुणा आपल्याला भेटायला येतो. ही झुडपाला भेटायला आलेली आहे, आपण घरात असलो काय नि नसलो काय. नातं जोडायचंच असेल तर ही बाळंतीण आहे. आणि बाळंतिणीशी कसं वागायचं हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. खोलीत अंधार, बोलणं हळू, बाहेरच्यांची ये-जा बंद, बाळाला सतरा जणांनी हाताळायचं नाही. खाणं तर ठरलेलं. आळीव, डिंक, बाळंतशेपा. शेजारीण प्रेमानं घेऊन आली म्हणून कुणी बाळंतिणीला भेळ घालतं का? मग हिला कुरमुरे का?

"एका पोळीनं काय होतंय!" हा ग्रूपवरचा पहिला प्रतिवाद. एका पोळीनं पोट भरतं, आणि तोच त्यातला तोटा. पोळी म्हणजे पिठूळ. तिनं भूक भागते, पण अंड्यांनी काढून नेलेलं भरून येत नाही. पिलांना तर पहिले काही आठवडे प्रामुख्यानं किडेच लागतात. तेच त्यांचं दूध. पोळी-पावानं भरलेलं पिलू किडे शोधत नाही. पाणपक्ष्यांच्या पिलांत पंखाचं शेवटचं पेर बाहेरच्या बाजूला वळण्याचा एक विकार दिसतो, त्याला इथे एंजल विंग म्हणतात. पंख तसाच वाकडा राहिला तर त्या पक्ष्याला कधीच उडता येत नाही. त्याचा संबंध वाढीच्या वयातल्या फार पिष्टमय, फार कॅलरीच्या खाण्याशी जोडला जातो. त्याच्या नेमक्या कारणांबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, म्हणून तो मुद्दा मी हुकमाचा एक्का म्हणून टाकत नाही. मला त्याची गरजही नाही.

कारण पावापेक्षा मोठी भानगड गर्दीची आहे. घरट्यापाशी खाणं टाकलं की ते फक्त बदकाला दिसतं असं थोडंच आहे? दिवसा कावळे येतात, रात्री रकून आणि स्कंक. रकून येतो तो तुमच्या कुरमुऱ्यांसाठी, आणि जेवणानंतरचं गोड म्हणून अंडी खाऊन जातो. ज्या घरट्याची सगळी सुरक्षितता ‘इथे काही नाही’ असं दिसण्यात आहे, त्याच्यासमोर आपण वाटी मांडून पाटी लावतो.

तळ्यावरही तेच. जिथे रोज पाव मिळतो तिथे जेवढी बदकं मावतात त्याच्या कितीतरी पट जमतात. एकाच पाण्यात खाणं, एकाच पाण्यात घाण. उरलेला पाव कुजतो, पाण्यात शेवाळ माजतं, रोग एकाकडून दुसऱ्याकडे जायला वाटच बघत नाहीत. २०२१ च्या शेवटी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये आणि २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत एच-५-एन-१ बर्ड फ्लू पोचला. त्यापायी इथे कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या. २०२५ च्या मार्चमध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला तेव्हा याच ग्रूपवर केवढी हळहळ झाली होती! तो साथीचा विषाणू रानबदकं स्वतः आजारी न दिसताही अंगावर वागवू शकतात. तुमच्या चार तुकड्यांनी साथ आली असं मी म्हणत नाही. पण अशा दिवसांत रानपक्ष्यांना एका जागी गोळा करणं आणि तिथेच चिमुरड्यांना हातानं भरवायला लावणं याला प्रेम म्हणवत नाही मला. मॅसॅच्युसेट्सचं वन्यजीव खातंही पाणपक्ष्यांना खाऊ घालू नका असंच सांगतं. पण सरकारी पाटीकडे पाठ करून फोटो काढायची आपली जुनी परंपरा!

"पाव नको तर मका घालू, वाटाणे घालू," हा दुसरा प्रतिवाद. सुशिक्षितांचा. पावापेक्षा मका बरा, मान्य. पण गर्दी मक्यानंही होते, रकूनला मकाही आवडतो. ‘काय घालू?’ हा प्रश्न विचारणाऱ्यानं ‘घालायलाच हवं’ हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत न्यू इंग्लंडमध्ये बदकाला खायला मिळत नाही असं नाहीच मुळी. ओल्या जमिनीत तिचं ताट वाढलेलं आहे.

तिसरा प्रतिवाद: "पण ती स्वतः येऊन मागते!" मागते, कारण कुणीतरी शिकवलं. माणूस म्हणजे धोका, हे रानपक्ष्याचं पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण. ते आपण पोळीचे तुकडे दाखवून आठवड्याभरात पुसतो. पुढच्या दारी तिला मांजर भेटतं, मोकळा सुटलेला कुत्रा भेटतो, दगड मारणारा पोरगा भेटतो. आपल्या बागेपुरती तिची भीती घालवणं आपल्याला जमतं, तिच्यासाठी पुढची बाग सुरक्षित करणं आपल्याला जमत नाही.

इथे कुणीतरी मॅक्लॉस्कीचं पुस्तक काढणार, म्हणून मीच काढते. बॉस्टनच्या प्रत्येक घरात ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ असतं. १९४१ सालचं. मॅलर्ड जोडपं, त्यांची आठ पिलं आणि बॉस्टन पब्लिक गार्डन. तिथे १९८७ पासून नॅन्सी शॉन यांनी केलेली त्या बदकांची ब्राँझची शिल्पं आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मुलाचा त्यांच्यावर बसलेला फोटो आहे. त्या पुस्तकात हंसबोटीतले लोक बदकांना शेंगदाणे टाकतात, पोलीसमामाही टाकतो. अगदी खरं. पण मुलांना विचारून बघा, पुस्तकातलं काय आठवतं? शेंगदाणे कुणालाच आठवत नाहीत. आठवतो तो गाड्या अडवून धरणारा पोलीस आणि रस्ता ओलांडणारी ती रांग. बदकांना माणसाकडून खरोखर हवं असेल तर ते एवढंच: थोडं थांबा, आम्हाला जाऊ द्या. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, आपण नेमकी शेंगदाण्यांचीच नक्कल करतो आहोत.

चौथा प्रतिवाद भावनेचा होता आणि तो मला सगळ्यात जड गेला. "आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बदकांना पोळी घालण्यात त्यांचा तेवढाच वेळ जातो." हे खरं आहे. आपल्या उपनगरांत दुपारी किती शांत आणि किती भयाण वाटतं हे मला सांगायला नको. ज्यांनी जन्मभर चार माणसांना वाढून मगच स्वतः घास घेतला, त्यांच्या हातांना दुपारी काही काम नसतं. पण त्या एकटेपणाची किंमत बदकानं का मोजायची? आणि आपले आई-बाबा नुसते पोळी टाकण्यापुरतेच उरलेत का? त्यांना एक वही द्या, एक बरी दुर्बीण द्या. ती घरट्यावरून किती वाजता उठली, किती वेळानं परतली, कावळा कितीदा आला, नर शेवटचा कधी दिसला. ज्यांनी चाळीस वर्षं दूधवाल्याचा हिशेब कॅलेंडरवर लिहिला त्यांच्याइतकी चोख नोंद कुणी ठेवणार नाही. चार आठवड्यांनी नातवंडांना सांगायला त्यांच्याकडे एक अख्खी गोष्ट असेल, स्वतः पाहिलेली. "आज तिनं माझ्या हातचं खाल्लं" यापेक्षा ती नक्कीच मोठी असेल.

आता दुसऱ्या टोकाकडे वळते, नाहीतर वाटेल की मला राग फक्त मायाळू लोकांचा येतो. दुसरं टोक म्हणजे नीटनेटकी मंडळी. यांना लॉन म्हणजे गालिचा आणि बदक म्हणजे गालिच्यावरची घाण. घरटं दिसलं की यांचा पहिला विचार, ‘हे हलवता येईल का?’ दुसरा, ‘कुणाला कळेल का?’ लॉन कापणारा माणूस आठवड्याच्या वारी लीफ ब्लोअर घेऊन येतो आणि झुडपाच्या बुडातून सगळा पाचोळा, त्यातल्या सगळ्या जीवजंतूंसकट, उडवून लावतो. या मंडळींनी एक लक्षात ठेवावं. अमेरिकेत १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि मॅलर्ड त्यात येतं. अंडी किंवा पिलं असलेलं घरटं परवान्याशिवाय मोडणं, अंडी उचलणं हा गुन्हा आहे, मग जमीन तुमच्या नावावर असो की बँकेच्या. कायदा बाजूला ठेवला तरी घरटं ‘जरा पलीकडे’ सरकवता येत नाही. तिला जागा ठाऊक असते, टोपली नाही. हलवलेलं घरटं ती बहुधा सोडून देते. तुम्हाला पूलशेजारी घरटं नकोच असेल तर मार्चमध्येच, पहिलं अंडं पडायच्या आधी, ती जागा झाकून टाका. अंडी पडली की मग चार-पाच आठवडे गप्प बसा. महिनाभर लॉनचा एक कोपरा वाढला म्हणून घराची किंमत पडत नाही.

तिसरी जात तारणहारांची. पिलं दिसली रे दिसली की हे खोका घेऊन धावतात. पिलं बाहेर आली की दिवसभरातच आई त्यांना घेऊन पायी पाण्याकडे निघते; कधीकधी ते पाणी किलोमीटरभर लांब असतं. वाटेत एखादं पिलू मागे पडतं, आई दिसत नाही, की तारणहार प्रकट! पिलू खोक्यात, खोका घरात, पिलू बाथटबमध्ये, त्याला नाव, त्याचा फोटो. आई झुडपाआड उभी राहून माणसं जाण्याची वाट बघत असते. तिला चोर म्हणायची सोय असती तर तिनं आपल्यालाच म्हटलं असतं. शिवाय रानपक्षी घरी ठेवायला, मग तो शुश्रूषेसाठी का असेना, इथे परवाना लागतो. पिलू रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतून खाली पडलं, पूलमध्ये अडकलं, जखमी झालं, तर मदत जरूर करायची. गावाच्या अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन करायचा, परवानाधारक शुश्रूषा केंद्राला विचारायचं, पूलमध्ये एक फळी तिरकी लावायची म्हणजे पिलं चढून येतात. एरवी आपण लांब उभं राहायचं. मदत आणि हौस यांच्यात फरक करता येत नसेल तर फोन खिशात ठेवून बघावं. फोटो नसतानाही जे करावंसं वाटेल ती मदत.

एक मुद्दा मात्र खरोखर विचार करण्यासारखा आला. एका वाचक मित्रानं लिहिलं, "अगं, ही कसली रानबदकं! ही अर्धी पाळीवच." तो अगदी चुकीचं बोलत नाही. इथल्या पूर्व किनाऱ्याचं मूळचं बदक म्हणजे अमेरिकन ब्लॅक डक. मॅलर्ड इथे एके काळी फारशी नव्हती. विसाव्या शतकात शिकारीसाठी फार्मवर वाढवलेली मॅलर्ड इथे मोठ्या संख्येनं सोडण्यात आली आणि त्यातल्या पुष्कळांचं मूळ युरोपातलं. १९३५ पर्यंत जिवंत बदकं पाण्यात बांधून ठेवायची आणि त्यांच्या आवाजावर रानातली बदकं उतरली की बंदुकी चालवायच्या, अशीही पद्धत होती. आज इथल्या मॅलर्डच्या जनुकांत फार्मवरच्या पूर्वजांचा ठसा सापडतो. म्हणजे तीही आपल्यासारखीच, बाहेरून आलेली आणि इथे रुजलेली. :-)

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? ‘आधीच माणसाळलीत तर अजून माणसाळवू’ हा? मला तर उलटं दिसतं. माणसानं आपल्या हौसेसाठी हात घातला, त्याचा भार ब्लॅक डकवर पडला. मॅलर्डशी संकर, मॅलर्डशी स्पर्धा, शिकार, ओसाड झालेल्या पाणथळी, आणि त्या बुजऱ्या पक्ष्याची संख्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खूप घटली. बंदूक असो वा पाव, ‘आम्हाला बदकं जवळ हवीत’ हा हट्ट तोच आहे. बागेत आलेली मादी फार्मवरच्या बदकाची खापरपणती असेलही. आज ती स्वतः जागा शोधते, स्वतः अन्न शोधते, स्वतःची पिलं स्वतः पाण्यापर्यंत नेते. तिनं परत मिळवलेलं रानपण आपण पोळीच्या तुकड्यानं विकत घेऊ नये.

"आपल्या संस्कृतीत तर पक्ष्यांना घास काढून ठेवतात," असं आत्यानं लिहिलं. आत्या, काढून ठेवतात, आणि मग दार लावून घेतात. काकबळी ठेवल्यावर आपण कावळ्याचा फोटो काढत बसत नाही. पण त्याच आपल्या संस्कृतीत माणसं कबूतरांना पोत्यांनी दाणे घालायला लागली तेव्हा काय झालं ते आपण पाहिलं. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबूतरखान्यावर महापालिकेनं ताडपत्री टाकली, लोकांनी ती ओढून काढली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात. मुद्दा होता आसपासच्या माणसांच्या फुप्फुसांचा. दाणे टाकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात दयाच होती. दयेला मोजमाप नसलं की तिचा हिशेब दुसऱ्यालाच चुकवावा लागतो.

आणि बदकांशी नीट वागायचा धडा हवाच असेल तर तो आपल्याकडेही आहे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठिकाण. हिवाळ्यात तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक येतात. हळदीकुंकू बदक तर आपलं घरचंच. चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाजवळ लाल ठिपके, म्हणून हे नाव. काय नाव दिलंय आपल्या लोकांनी! ज्यांनी ते दिलं त्यांनी त्या पक्ष्याकडे नीट, जवळून, खूप वेळ पाहिलं असणार. तिथे पहाटे टेहळणीच्या मनोऱ्यावर माणसं कुजबुजत उभी असतात, दुर्बीण एकमेकांकडे देतात, पाव कुणी टाकत नाही. तिथे आपल्याला गप्प राहणं जमतं. मग स्वतःच्या डेकवर का जमू नये? बाग आपली झाली की बदकही आपलं झालं असं वाटतं, एवढंच त्याचं उत्तर.

तर मंडळी, बागेत मादी बसलेली दिसली तर करायचं ते इतकंच. त्या बाजूच्या दारानं ये-जा कमी करा. कुत्रा दोरीवर, मांजर घरात. लॉन कापणाऱ्याला तो कोपरा दाखवून ठेवा. रोज जवळ जाऊन अंडी मोजू नका, खिडकीतून पाहा. पाण्याची ताटली ठेवू नका, ती तिची सोय स्वतः करते. खाली पडलेले बर्ड फीडरचे दाणे झाडून घ्या. पिलं निघाली की अर्धा तास गाडी बाहेर काढू नका आणि वाटेत रस्ता असेल तर मॅक्लॉस्कीच्या पोलिसासारखे हात पसरून उभे राहा. त्या दिवशी पाहिजे तेवढे फोटो काढा. एके दिवशी सकाळी घरटं रिकामं दिसेल, मऊ पिसं आणि टरफलं तेवढी मागे. ती निरोप घेणार नाही, आभार मानणार नाही. आपल्या हातचं न खाता, आपल्याला न ओळखता ती निघून गेली तर समजायचं, बाळंतपण नीट पार पडलं.

ता.क. उरलेल्या पोळ्यांचं काय करायचं, असं दोघांनी खरोखरच विचारलंय. फोडणीची पोळी. कांदा जरा जास्त घालावा.